मथळ्यातले ‘इच्छामरण’

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या पुरवणीत ज्येष्ठांच्या वैद्यकीय इच्छापत्रावरील लेख वाचला. लेख अभ्यासपूर्ण होता. परंतु त्यावर ‘इच्छामरण आता सोपे’ असा मथळा ज्यांनी चढवला, त्यांनी लेख वाचण्याची तसदी घेतली नसावी, असे खेदाने म्हणावे लागते.

इच्छामरणाचा वर भीष्माचार्यांना होता. आम्हा सामान्य म्हाताऱ्यांचे मागणे एवढेच की, बरे होण्याची आशा संपली आणि आपल्याला बोलताही येईनासे झाले, तर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे शुद्धीत असताना लिहून ठेवता यावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही मुभा दिली, आणि प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या स्वाक्षरीची अट २०२३ मध्ये काढून नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालेल असे ठरवले. सोपे झाले ते इतकेच. प्रत्यक्षात उपचार थांबवायचे तर आधी एका वैद्यकीय मंडळाने आणि मग दुसऱ्या मंडळाने संमती द्यावी लागते, आणि रुग्णालयाला दंडाधिकाऱ्यांनाही कळवावे लागते. याला सोपे म्हणणाऱ्यांनी एकदा अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेरील बाकड्यावर रात्र काढून पाहावी.

मी ती काढली आहे. माझ्या यजमानांना फुप्फुसांचा जुना विकार होता. दोन वेळा रुग्णालयात राहून आल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले की, यापुढे श्वासासाठी घशात नळी घालू नये. प्राणवायू द्यावा, धाप कमी होईल असे औषध मात्र अवश्य द्यावे. दोन साक्षीदार झाले, नोटरी झाली, निर्णयासाठी माझे नाव घातले. तिसऱ्या वेळी पहाटे एका तरुण डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारले, ‘‘व्हेंटिलेटर लावायचा का? लगेच सांगा.’’ मी पर्समधून कागद काढला. शेजारी उभ्या असलेल्या धाकट्या दिरांनी त्याकडे पाहिले आणि सर्वांदेखत म्हणाले, ‘‘वहिनी, हे इच्छामरणाचे कागद ना? दादाला मारायला निघालात का तुम्ही?’’

कागद मी परत पर्समध्ये ठेवला. पुढचे अकरा दिवस यजमानांचे हात पलंगाच्या कठड्याला बांधलेले होते, कारण ते नळी ओढून काढू पाहत होते. बाराव्या दिवशी ते गेले.

चूक माझीही आहे. घरातल्या सर्वांना बसवून तो कागद आधी वाचून दाखवायला हवा होता. आम्ही तो कपाटात दागिन्यांसारखा जपला. दिरांना मी दोष देत नाही, कारण त्यांचे भावावर प्रेम होते आणि तो शब्द त्यांनी वर्तमानपत्रातच वाचलेला होता. न्यायालयाच्या निकालातही ‘निष्क्रिय इच्छामरण’, म्हणजे उपचार थांबवून मरण आपसूक येऊ देणे, अशा अर्थाची संज्ञा आहे, हे मी जाणते. पण निकालपत्र घरोघरी जात नाही, आपला अंक जातो. औषध टोचून मरण आणणे आपल्याकडे आजही गुन्हा आहे, हे लेखातील एकमेव वाक्य सातव्या परिच्छेदात होते. तिथवर किती वाचक पोहोचले असतील?

जाता जाता एक विनंती. वृद्धांविषयी काहीही छापायचे म्हटले की सुरकुतलेला एक हात आणि त्यावर ठेवलेला एक तरुण हात, हेच छायाचित्र आपण वर्षानुवर्षे छापता. आम्हाला चेहरेही आहेत.

माझे स्वतःचे इच्छापत्र मी करीत आहे. आता एकाहून अधिक नावे देता येतात, म्हणून मुलीच्या जोडीने दिरांचे नाव घालावे असे ठरवले होते, आणि दोन महिने समजावून त्यांना राजीही केले होते. आपला अंक त्यांच्याकडेही येतो. काल सकाळीच त्यांचा फोन आला, की वहिनी, माझे नाव तेवढे वगळा. तरी खुलासा छापायचा असल्यास तो त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा.

आपली,
एक नियमित वाचक