निकालात कोकण पहिला, पण मांगरातली पोरं कुठल्या यादीत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीच्या निकालाची बातमी आंब्याच्या शेडमध्येच वाचली, कोकण बोर्ड परत पहिलं, बरं वाटलं, का नाही वाटणार, बोर्ड वेगळं झालं तेव्हापासून हा नंबर आपण सोडलेलाच नाही. पण निकाल निघतो तो परीक्षेला बसलेल्या मुलांचा. जी तिथवर पोचलीच नाहीत ती त्या टक्क्यात येतच नाहीत. आणि असं एक पोर त्याच वेळी माझ्यासमोर पेटीत गवत पसरत होतं, म्हणून हे पत्र.

मी देवगड तालुक्यातला छोटा बागायतदार. आमच्याकडे राखणीला नेपाळी कुटुंबं येतात हे सगळ्यांना माहिती आहे. नोव्हेंबरात येतात, मे अखेर जातात, बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपटात राहतात. शाळा जूनमध्ये सुरू होते, म्हणजे त्यांची पोरं येतात तेव्हा अर्धं पुस्तक संपलेलं आणि वार्षिक परीक्षा होते ना होते तोवर निघायची तयारी. माझ्याकडच्या जोडप्याची मुलगी अकरा वर्षांची आहे, मराठी आमच्यासारखी बोलते, वानर हाकलताना शिव्या पण मालवणीत. वाचता मात्र येत नाही.

जानेवारीत मीच तिला शाळेत घेऊन गेलो. बाईंनी लगेच बसवून घेतलं, कागद मागितले नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात ६ ते १४ वयाचं प्रत्येक मूल असंच लिहिलंय, जन्माचा दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, हे बाईंनीच सांगितलं. पण पुढे गंमत अशी की शिक्षकांची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, आधार जुळलेल्या मुलांवर ठरते आणि हिला आधार कुठलं? म्हणजे पोरगी वर्गात बसणार, खिचडी खाणार, पण शिक्षक मोजताना नाही. त्या शाळेचा पट सगळा चौदा. अशा शाळा बंद करायची चर्चा दरवर्षी होते आणि पंधरावं मूल समोर बसलेलं असताना हिशोबात चौदाच.

तरी ती तीन आठवडेच गेली. फी नाही, पुस्तकं फुकट, जेवण फुकट, मग अडलं कुठे? अडलं धाकट्या भावाशी. तो दीड वर्षाचा, अंगणवाडी तीन वर्षांपासून घेते, आई दिवसभर पॅकिंगला. त्याला सांभाळणार कोण? आणि आई पॅकिंगला का, तर आम्ही बागायतदार नवराबायकोला मिळून एकच पगार ठरवतो, बायकोचं काम त्यातच धरलेलं. मी पण तसाच ठरवला होता, खोटं कशाला बोलू. आईबापांना शिक्षणाची किंमत नाही असं आमच्या कट्ट्यावर सगळे म्हणतात, ते मला आता पटत नाही.

मेक्सिकोने १९९७ पासून मुलं शाळेत हजर राहिली तर थेट आईच्या हातात पैसे द्यायला सुरुवात केली, माध्यमिकच्या मुलींना मुलांपेक्षा जास्त, कारण घरकामाला आधी मुलीलाच काढतात, आणि मुलींचं प्रमाण वाढलं पण. आपल्याकडे पण कल्पना तीच होती, १९९२ मध्ये गरीब घरातल्या पहिली ते चौथीच्या मुलींना उपस्थिती भत्ता ठरला, दिवसाला १ रुपया. आता रुपयात काय येतं ते तुम्हीच सांगा. मानव विकास निर्देशांकात २०२५ च्या अहवालात आपण १९३ देशांत १३० वे, नेपाळ आपल्याही मागे, म्हणजे गरीब देशातून थोड्या कमी गरीब देशात राखणीला आलेल्या माणसाची ही पोरगी, तिचा हिशोब दोन्हीकडे कोणी ठेवत नाही.

माझं म्हणणं एवढंच की सीझनपुरतं का होईना, तीन-चार वाड्यांत मिळून एक पाळणाघर हवं. पॅकिंग शेडजवळ एक खोली आणि एक बाई, खर्च पेटीमागे किती पडेल तो आम्ही बागायतदार बसून काढू शकतो, औषध फवारणीवर घालतो त्याच्यापुढे काहीच नाही. आणि आधार नसलेल्या मुलाला पण पटात धरा, हे सरकारचं काम, ते आमच्याने होणार नाही.

कुटुंब परवाच गावी गेलं. नोव्हेंबरात येतो म्हणालेत. यावेळी बायकोचा पगार वेगळा ठरवलाय, भावकीतल्या दोघांना सांगितलं तर म्हणाले तू आमचा रेट बिघडवतोस.

आपला,
एक बागायतदार, ता. देवगड