'तुरळक' म्हणजे थोडा नव्हे

संपादक महाशय,

पावसाच्या बातम्यांत 'तुरळक पाऊस' हे शब्द हल्ली फार सैल वापरले जातात. वाचणाऱ्याला वाटते, पाऊस बेताचाच, छत्री घरी राहिली तरी चालेल. हवामान खात्याचा मूळ शब्द असतो 'तुरळक ठिकाणी'. मथळ्यात जागा पुरत नाही, 'ठिकाणी' गळते आणि अर्थ फिरतो.

'तुरळक ठिकाणी' म्हणजे विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस. ५० टक्क्यांपर्यंत 'काही ठिकाणी', ७५ पर्यंत 'बऱ्याच ठिकाणी', त्यापुढे 'बहुतांश ठिकाणी'. पाऊस किती पडेल याच्याशी या शब्दाचा काडीचाही संबंध नाही. ते माप वेगळे: २४ तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंत हलका, ६४.४ पर्यंत मध्यम, त्यापुढे जोरदार. तेव्हा 'तुरळक ठिकाणी जोरदार' यात विसंगती नाही. शिवाय आपण सोलापूरकर हवामान खात्याच्या मध्य महाराष्ट्र उपविभागात मोडतो, आणि महाबळेश्वरही त्यातच. उपविभागाचा अंदाज सोलापूरच्या पानावर जसाच्या तसा छापला, तर तो 'तुरळक' नेमका कुठला, हे कसे कळावे?

दुसरी गल्लत वेळेची. तुरळक जागा सांगतो; थांबून थांबून पडणाऱ्या पावसाला 'अधूनमधून' आहे. सर अचानक येते, झोडपते, निघून जाते. झड दोन-तीन दिवस धरून बसते. 'संततधार सरी' हा तर बसून धावण्याचा प्रकार झाला! वळीव उन्हाळ्यातला, दुपारच्या तापानंतरचा. त्याचा ढग काही किलोमीटरचाच, म्हणून अक्कलकोट रस्त्यावर पाणी वाहते तेव्हा जुळे सोलापुरात धूळ उडत असते. ऑक्टोबरातल्या गडगडाटाला वळीव म्हणू नये, तो परतीचा पाऊस.

रब्बी ज्वारीची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्या दिवसांत ४० मिलिमीटर अर्ध्या तासाच्या सरीत पडला की दिवसभर रिपरिपला, हे शेतकऱ्याला कळायला हवे. सरीचे बरेचसे पाणी ओढ्याला जाते, रिपरिप जमिनीत मुरते. नुसत्या आकड्यावरून हे उमगत नाही.

आणखी एक: नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ अशी असते. पहाटेची सर आदल्या दिवसाच्या सायंकाळच्या सरीबरोबर एकाच आकड्यात येते. आकड्याखाली ही वेळ छापावी. मथळ्याला जागा कमीच असेल, तर 'कुठे कुठे जोरदार सरी' एवढे पुरे.

— एक वाचक, सोलापूर