सुरांनाही भूमिका असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतली 'कलावंताने भूमिका घ्यावी का?' ही चर्चा मी पहिल्या लेखापासून वाचतो आहे. लेखक, कवी, नट, दिग्दर्शक अशा सगळ्यांची उलटतपासणी झाली. वादकांना मात्र 'सुरांना कसली आली भूमिका?' एवढ्या एका ओळीवर निर्दोष सोडून देण्यात आले. माझी हरकत त्या ओळीला आहे आणि पुरावा म्हणून मी कॅनडातल्या माँट्रियल शहराचा एक बँड हजर करतो.

'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' हे त्याचे नाव. एका जपानी मोटारसायकल टोळीवर 1976 साली निघालेल्या माहितीपटावरून ते घेतलेले आहे. 1994 साली सुरू झालेल्या या बँडमध्ये गिटारवाले तीन, बेसवाले दोन, ड्रमवाले दोन, शिवाय व्हायोलिन. गायक नाही. या प्रकाराला पोस्ट-रॉक म्हणतात आणि त्याला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत. वीस-वीस मिनिटांच्या रचना, सुरुवातीला बराच वेळ काही घडतच नाही, मग कानठळ्या बसतात, अशी तक्रार असते. ती अगदीच खोटी नाही. 2015 च्या अल्बममधल्या मधल्या दोन रचनांनी माझ्यासारख्या भक्ताचाही अंत पाहिला.

पण 2000 साली आलेला 'लिफ्ट युवर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन' घ्या. दोन डिस्क, चारच रचना, जवळपास दीड तास. त्यातल्या 'स्लीप'च्या सुरुवातीला एक म्हातारा न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडबद्दल बोलतो. काय दिमाख होता त्या जागेचा, लोक रात्री किनाऱ्यावरच झोपायचे, आता नाही झोपत कुणी, एवढेच त्याचे म्हणणे. तो थांबतो आणि गिटार सुरू होते. पुढे त्याच गिटारीतून एक लांबलचक विव्हळणे निघते. तारांवर स्क्रूड्रायव्हर फिरवून काढलेला आवाज आहे तो, पण कुणीतरी गळा काढला आहे असेच वाटते. शहर बदलले, माणसे बाहेर फेकली गेली, असे कुणी एका शब्दाने म्हणत नाही. तशी गरजही राहत नाही.

आपल्याकडे या संगीताचा विषय निघाला की कुणीतरी आलाप-जोड-झाल्याचा, म्हणजे सतारीवर संथ सुरुवातीपासून वेगवान शेवटाकडे चढत जाण्याचा, दाखला देतोच. मला तो पटत नाही. आपला सतारिया वाजवता वाजवता राग घडवत जातो आणि सगळी मैफल त्या एकट्याची असते. इथे मांडणी बरीचशी आधीच ठरलेली असते. चार-सहा स्वरांची एकच ओळ फिरत राहते, फेरीगणिक एकेक वाद्य तिला येऊन मिळते आणि पुढे येऊन टाळ्या घेणारा कुणी नसतो. मंचावर ही मंडळी अर्धवर्तुळात बसतात, प्रेक्षकांशी बोलत नाहीत, उजेडही आपल्यावर फारसा पडू देत नाहीत. मागच्या पडद्यावर 16 मिमी फिल्म चालू असते आणि सुरुवातीला तिच्यावर ओरखडून लिहिलेला 'होप' हा शब्द थरथरत असतो. रॉकच्या धंद्यात गिटारवाल्याने मिरवायचे नाही असे ठरवणे, हीसुद्धा भूमिकाच नाही का?

कुणी म्हणेल, हे राजकारण सुरांत नाही, कव्हरवर आहे. तेही आहेच. 2002 च्या अल्बमच्या मागच्या बाजूला त्यांनी बड्या रेकॉर्ड कंपन्या आणि शस्त्रास्त्रे बनवणारे उद्योग यांच्यातले धागे दाखवणारा तक्ताच छापला होता. 2024 च्या अल्बमला नावच दिले नाही. नावाच्या जागी 13 फेब्रुवारी 2024 ही तारीख आणि त्या दिवसापर्यंतचा गाझातल्या मृतांचा आकडा, 28,340.

पण 2012 च्या अल्बममधली 'म्लाडिच' ऐका. बोस्नियातल्या नरसंहाराशी ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, त्या सेनानीचे नाव वीस मिनिटांच्या या रचनेला दिले आहे. गिटारींचा सगळा कल्लोळ ओसरल्यावर शेवटी ऐकू येतात ती भांडी. त्या वर्षी क्विबेकमध्ये, म्हणजे माँट्रियल ज्या प्रांतात आहे तिथे, फीवाढीविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप चालू होता. सरकारने निदर्शनांवर बंधने घालणारा कायदा आणला, तेव्हा लोक रोज रात्री रस्त्यावर आणि बाल्कनीत येऊन पातेली बडवू लागले. त्या आवाजाचे रेकॉर्डिंग बँडने रचनेला जोडले. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांचे महागाईविरुद्धचे लाटणे मोर्चे ज्यांना आठवतात, त्यांना थाळीवर पडणाऱ्या लाटण्याला भूमिका असते की नाही, हे मी काय सांगावे!

याच अल्बमला 2013 मध्ये कॅनडाचा पोलारिस हा संगीत पुरस्कार मिळाला, रक्कम 30,000 डॉलर. सोहळ्याला हे गेलेच नाहीत. काटकसरीच्या काळात असला झगमगाट कशाला, असे पत्रक काढले आणि त्या पैशातून क्विबेकच्या तुरुंगांतल्या कैद्यांसाठी वाद्ये घेऊ असे जाहीर केले. पुरस्कार घ्यावा की नाकारावा यावर आपल्याकडे पानेच्या पाने खर्ची पडतात. पैसे घेऊन कानउघाडणीही करायची, हा तिसरा मार्ग त्या पानांत माझ्या तरी वाचनात आला नाही.

तेव्हा लेखमालेचे पुढचे भाग ठरवताना एखाद्या तबलजीला, व्हायोलिनवादकाला, लग्नाच्या बँडमधल्या ट्रम्पेटवाल्यालाही लिहिते करावे, ही विनंती. आणि ज्या वाचकांना हा बँड ऐकून पाहायचा असेल, त्यांनी 2000 च्या अल्बममधल्या 'स्टॉर्म'पासून सुरुवात करावी. पहिली दोन मिनिटे आवाज बारीक वाटेल, पण व्हॉल्यूम वाढवू नये. शेजारी भांडायला येतात.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)