पासिंगच्या चार दिवस आधी आमची जीप उठवलीत, त्याबद्दल काका तुमचे आभार

काका, नमस्कार. नाव टाकायचं नाही असं तुम्ही बजावलंत म्हणून टाकत नाही, पण आभार मानायचेच आहेत आणि चार लोकांसमोर मानायचेत, कारण त्या दिवशी आमच्या अंगणात दोन तास तुम्ही जे केलंत ते जुनी गाडी सांभाळणाऱ्या प्रत्येकाला कळायला पाहिजे.

गाडी आजोबांची, ९४ ची महिंद्राची डिझेल जीप. आंब्याच्या पेट्या, लग्नाची वऱ्हाडं, आजीला रात्री दोन वाजता दवाखान्यात नेणं, सगळं हिनेच केलंय. पावसाळाभर ताडपत्रीखाली उभी होती, आणि कोकणातला पाऊस म्हणजे लोखंडाला काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार. गणपती झाल्यावर चावी फिरवली तर काहीच नाही. म्हणजे सेल्फ जड घेतोय वगैरे नाही, टक् असा आवाजसुद्धा नाही, हॉर्न नाही, पॅनलवरचा लाल दिवा नाही, ठार मेलेली. आणि आरटीओचं पासिंग चार दिवसांवर, तिथे लाईट इंडिकेटर हॉर्न सगळं चालू दाखवावं लागतं. एकाने बघूनच बॅटरी गेली म्हणून सांगितलं, नवीन घातली, तरी तेच. दुसरा म्हणाला अख्खं वायरिंग बदला, अठरा हजार होतील. बाबा भंगारवाल्याशी बोलून पण आले होते.

तुम्ही आलात आणि पहिली दहा मिनिटं बॉनेटला हातच लावला नाहीत, नुसते प्रश्न. ढकलून बघितली का? मी म्हटलं हो, शेजारच्यांच्या ट्रॅक्टरने टोचन करून चालू केली, डिझेल इंजिन, पंप मेकॅनिकल, बंद करायला पण नॉब ओढायचा, त्यामुळे करंट नसताना पण लागली. मग दिवे लागले का? लागले, पण रेस दिली की भगभगीत आणि सोडली की मंद, एक बल्ब तर उडालाच. आणि इंजिन बंद केल्यावर? परत सगळं गायब. त्यावर तुम्ही म्हणालात, "मग वायरिंग कशाला बदलतोस रे, डायनॅमोवर दिवे लागतायत म्हणजे दिव्यापर्यंतचा रस्ता बरा आहे, बॅटरीच बाहेर पडलीय." आणि पहिलं रागावलात, की बॅटरी लाईनमध्ये नसताना गाडी अशी चालवायची नाही, व्होल्टेज उसळतं आणि डायनॅमोचे, म्हणजे अल्टरनेटरचे, डायोड जातात. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं काका.

मी हुशारीने मीटर आणला होता. बॅटरीच्या प्लसवर एक पिन, बॉडीवर दुसरी, १२.४ व्होल्ट. म्हटलं बघा, करंट तर येतोय. तुम्ही पिशवीतून तो ब्रेकलाईटचा २१ वॅटचा बल्ब काढलात, दोन वायरी डाग देऊन जोडलेला, आणि त्याच दोन जागी लावलात. बल्बमधली तार नुसती लालसर पण झाली नाही. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर सरळ लावला तर लख्ख. "मीटर काही मागत नाही, म्हणून त्याला सगळं बरं दिसतं. बल्ब पावणेदोन अँपिअर मागतो, तेव्हा खरं कळतं." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय.

मग माझाच मीटर घेतलात, एक पिन बॅटरीच्या मायनसवर, एक चासीवर, आणि मला हेडलाईटचं बटण दाबायला सांगितलंत. इथे झिरोच्या आसपास यायला पाहिजे म्हणालात, आणि आले १२ च्या जवळ. म्हणजे बॅटरीचा अख्खा जोर त्या एका जोडात अडकून बसलेला. जंपर केबल मायनसवरून इंजिनच्या ब्लॉकला टेकवलीत आणि पॅनलवरचा लाल दिवा लागला तेव्हा ओट्यावर बसलेली आजी "लागला गो बाय" करून ओरडली, ते तुम्ही ऐकलंत की नाही माहीत नाही, कारण तुम्ही गाडीखाली गेला होतात.

दोष निघाला तो बॅटरीच्या मायनसपासून चासीला जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे करंट बॉडीतून बॅटरीला परत यायची जी वाट, तिच्यातच. बोल्ट वरून घट्ट, मी स्वतः पाना लावून बघितला होता. पण थिंबलच्या, म्हणजे वायरच्या टोकाला बोल्टसाठी जी कडी असते तिच्या, आत हिरवा चुरा, आणि खाली चासीवर रंगावर रंग आणि त्याखाली गंज. तुम्ही आधी मायनस सोडवलात, मग प्लस, आणि जोडताना मायनस शेवटी, कारण मायनस जोडलेला असताना प्लसवरचा पाना बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट. चासी पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासायला मला लावलंत, जाड केबलला नवीन थिंबल दाबून बसवलंत, खाली दातांचा वॉशर, आणि बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीस. चावी फिरवली आणि सेल्फ पहिल्या फटक्यात.

निघताना फ्यूजबॉक्स उघडलात आणि आत कोणीतरी फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळली होती ती बघून तुमचा चेहराच बदलला. ती तार तुम्ही काढून खिशात टाकलीत, परत कोणी लावू नये म्हणून, आणि १५ अँपिअरचा फ्यूज बसवलात. काका, आमच्या घरातली लहान पोरं त्या गाडीतून शाळेत जातात. पट्टीइतकेच, खरं तर पट्टीपेक्षा जास्त, त्या तारेबद्दल आभार.

पैसे किती म्हटल्यावर साडेतीनशे. मी जास्त देत होतो तर तुम्ही म्हणालात केबल आणि थिंबलचे झाले, उरलेल्याचा एक बल्ब करून ठेव. ठेवलाय. मागच्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या त्याच ट्रॅक्टरचा सेल्फ बंद पडला, तर बल्ब लावत लावत मी एकट्याने इंजिनची अर्थिंग शोधली, दोष एका बोल्टवर सापडला.

पासिंग झालं, पुढची ५ वर्षं जीप आमच्याकडेच. जुनी बॅटरी पण तुम्ही सांगितलंत तशी चार्ज करून बघितली, एकदम ठणठणीत आहे, पंपाच्या इंजिनाला लावली. मे महिन्यात पहिली पेटी तुमच्याकडे येणार, आजीने आत्ताच सांगून ठेवलंय, आणि ती याच जीपमधून येणार.