कराडच्या बेलिफाचा मुलगा

सांगली
रविवार

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सूरजची वकिली आता कुठे बसायला लागली, पक्षकार त्याचं नाव विचारत कोर्टात यायला लागले, आणि त्याच वेळी त्याला जिल्हा परिषदेला उभं राहायचंय. यावरून तू घरात अबोला धरलायस. ‘कायदा शिकवला तो सगळा पाण्यात’ हे तुझं वाक्य मला फार लागलं, कारण माझंही घर त्याच काळ्या कोटावर चालतं. निर्णय तुम्हा बापलेकांचा. पण शिकलेला कायदा पाण्यात जातो, हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते यशवंतराव चव्हाणांकडे बघून सांगतो.

त्यांचं नाव तू चौकाचौकात वाचलेलं आहेस. मुख्यमंत्री, संरक्षणमंत्री, गृहमंत्री, उपपंतप्रधान ही यादी शाळेतल्या पोरांनाही पाठ असते. मला आधी त्यांच्या वडलांचं सांगायचंय. बळवंतराव चव्हाण कराडच्या कोर्टात बेलिफ होते. बेलिफाचं काम तू पाहिलेलं नाहीस, मी रोज पाहतो. समन्स घेऊन उन्हातान्हात गाव गाठायचं, माणूस घरी नसेल तर दारावर नोटीस डकवायची, जप्तीला गेलं की पंचांसमोर कुणाची तरी भांडीकुंडी मोजायची, त्या घरातल्या बाईचं रडणं ऐकायचं आणि परत येऊन कोर्टात अहवाल द्यायचा. निकाल देणाऱ्याला ते घर कधी दिसत नाही. बेलिफाला दिसतं. बळवंतराव प्लेगात गेले तेव्हा यशवंतराव अगदी लहान होते. त्यांचा जन्म 12 मार्च 1913 चा, आजोळी देवराष्ट्र्याला, आपल्या सागरेश्वरच्या डोंगराजवळ. पुढे आई विठाईंनी आणि थोरल्या भावांनी हाल सोसून घर सावरलं आणि हा मुलगा कराडच्या टिळक हायस्कुलात शिकला.

शाळेत असतानाच 1932 मध्ये त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. झेंड्यासाठी आणि चळवळीसाठी. मिसरूड फुटायच्या वयात येरवडा. तिथे मोठमोठ्या माणसांच्या सहवासात वाचन वाढलं आणि सुटून आल्यावर मॅट्रिक झाले. मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, 1938 ला बी. ए., पुण्याला लॉ कॉलेज, 1941 ला एल्‌एल. बी. ज्या कोर्टात बाप समन्स बजावायचा, त्याच कराडला मुलगा वकील म्हणून उभा राहिला. विठाईंना त्या दिवशी काय वाटलं असेल, ते मला शब्दांत पकडता येत नाही.

आणि ही वकिली टिकली किती? जेमतेम वर्षभर. 2 जून 1942 ला वेणूताईंशी लग्न झालं, ऑगस्टमध्ये मुंबईला ‘चले जाव’चा ठराव झाला आणि वकीलसाहेब भूमिगत झाले. सातारा जिल्ह्यात (आपली सांगलीही तेव्हा त्यातच होती) कचेऱ्यांवर मोर्चे निघू लागले: कराड, तासगाव, वडूज, इस्लामपूर. वडूजला 9 सप्टेंबरला गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्याबरोबरचे हुतात्मे झाले. यशवंतराव रानोमाळ, रात्री या गावातून त्या गावात. पोलिसांना ते सापडेनात, म्हणून घरच्यांना धरलं. लग्नानंतरची पहिली संक्रांत, आणि वेणूताईंना अटक. पुढे त्या आजारी पडल्या. माहेरी फलटणला होत्या, त्यांना बघायला यशवंतराव गेले आणि तिथेच पकडले गेले.

तू म्हणशील, हा कसला सैनिक, बंदूक घेऊन सीमेवर कुठे उभा राहिला होता? मान्य. तुझ्यासारखी वर्दी त्यांनी घातली नाही. पण घरच्यांना आपल्यामुळे त्रास होतोय हे माहीत असूनही ठरल्या कामावर टिकून राहायचं, हे तुला मी काय सांगू? लडाखला असताना तू घरी लिहिलेली पत्रं काकू मला वाचून दाखवायला लावायच्या.

आता मुद्द्यावर येतो. 1946 मध्ये ते दक्षिण साताऱ्यातून मुंबईच्या विधिमंडळात गेले. काळा कोट त्यांनी नंतर कधी चढवला नाही असंच म्हणायला हवं, पण पुढच्या प्रत्येक कामात मला कोर्ट शिकलेला माणूस दिसतो. त्यांच्या कारकिर्दीत 1958 ला कनिष्ठ गावकामगारांची वतनं, म्हणजे गावची पिढीजात चाकरी, रद्द करणारा कायदा झाला. महार वतनाच्या जोखडाविरुद्ध बाबासाहेबांनी याच मुंबई विधिमंडळात 1928 ला विधेयक मांडलं होतं, ते तेव्हा तडीस गेलं नव्हतं. तीस वर्षांनी ते जोखड कायद्याने उतरलं. वर्षाचं उत्पन्न 1200 रुपयांच्या आत असलेल्या घरातल्या मुलांची फी माफ झाली. आपल्या दोघांच्या घरातलं पहिलं कॉलेज त्या ईबीसीच्या, म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांच्या फी-माफीच्या, फॉर्मवर झालेलं आहे, विसरलास का? हे कायदे वाचताना मला सारखं वाटतं, दारावर नोटीस डकवणाऱ्याच्या मुलाला कायदा शेवटी कुणाच्या उंबऱ्यावर जाऊन पोचतो हे ठाऊक होतं.

सगळंच गोड होतं असं मी म्हणणार नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते नेहरूंच्या बाजूला उभे राहिले. माणसं गोळ्यांनी मरत होती आणि हे मराठी-गुजराती द्विभाषिक राज्य चालवत होते. आमच्या आजोबांनी त्यांना शेवटपर्यंत माफ केलं नाही, आणि आजोबांचा राग खोटा नव्हता. 1957 च्या निवडणुकीत कराडलाही ते थोडक्यात वाचले. पण त्याच वर्षी 30 नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याचं अनावरण करायला नेहरू आले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्र समितीने हजारो माणसं काळे झेंडे घेऊन रस्त्यावर उभी केली. यशवंतरावांनी ती निदर्शनं होऊ दिली. गोळी सुटली नाही. समोरच्याची कैफियत त्यांनी अशी दाखल करून घेतली आणि मग तीच दिल्लीत नेऊन मांडली. 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला तो लोकांच्या लढ्यामुळेच, पण शेवटचा युक्तिवाद या वकिलाने केला, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आणि 1962. चीनपुढे फौज मागे हटत होती, संरक्षणमंत्री कृष्ण मेनन पायउतार झाले आणि नेहरूंनी त्या जागी यशवंतरावांना बोलावलं. 21 नोव्हेंबरला शपथ. ज्या दिवशी चीनने युद्धबंदी जाहीर केली तोच दिवस. पराभवाच्या चौकशीचा अहवाल आला तेव्हा 2 सप्टेंबर 1963 ला संसदेत उभं राहून त्यांनी निष्कर्ष सांगितले: प्रशिक्षण कुठे कमी पडलं, साहित्य कुठे, नेतृत्व कुठे. अहवाल मात्र गुप्तच राहिला. तो उघडा व्हायला हवा होता असं मला वाटतं, पण हरलेल्या फौजेची अब्रू राखून दोष सांगणं किती अवघड असतं, हे तूच मला एकदा समजावलं होतंस.

1 सप्टेंबर 1965 ला जम्मूजवळच्या छांबवर पाकिस्तानी रणगाडे आले. दुपारी सेनाप्रमुख आणि हवाई दलाचे अर्जन सिंग त्यांच्यापुढे आले, विमानं वापरायची परवानगी मागितली. त्यांनी ती तिथल्या तिथे दिली. पहिल्याच संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमानं पडली. तो भार डोक्यावर घेऊन ते झोपले कसे असतील? तरी सेनापतींच्या कामात त्यांनी हात घातला नाही. 6 तारखेला लाहोरची आघाडी उघडली. तुझे तात्या तिथेच होते. ‘वरून गोंधळ नव्हता’ असं ते म्हणायचे, तेवढंच म्हणायचे. एका सुभेदाराने मंत्र्याला दिलेलं हे सर्टिफिकेट मला मोठं वाटतं.

सूरज यशवंतराव होईल असं मी म्हणत नाही, त्यालाही तसं कुणी म्हणू नये. पण पक्षकाराचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं, विरुद्ध बाजूचे कागद आधी वाचायचे आणि मग तोंड उघडायचं, ही सवय त्याला लागली असेल तर ती सदस्याच्या खुर्चीत त्याच्या कामी येईल. लागली नसेल, तर त्याने अजून पाच वर्षं कोर्टातच काढावीत, हे मी त्याला तोंडावर सांगेन.

तेव्हा अबोला सोड आणि पुढच्या रविवारी त्याला माझ्याकडे पाठव. येताना जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, 1961 पहिल्या कलमापासून वाचून यायला सांग. तो कायदाही यशवंतरावांच्याच काळातला, आणि मी त्याला त्यावर प्रश्न विचारणार आहे. सोबत काकूंच्या फॅमिली पेन्शनचे कागद आणि तात्यांच्या डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स दे. नावातली चूक दुरुस्त करायला अर्ज मी इथेच तयार करून ठेवतो, काकूंची फक्त सही लागेल.

तुझा,
विलास