‘विक्रीसाठी नाही’

तीर्थरूप आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी हरणाच्या मांसाचा विषय काढला आणि आई, तू एकदम गप्प झालीस. मग नुसतं “बरं, जेवून घे” म्हणालीस. तुझ्या गळ्यात तुळशीची माळ, आणि लेक दर शनिवारी मांसाची पाकिटं वाटते! फोनवर पाच मिनिटांत सांगून होण्यासारखं ते नव्हतंच. म्हणून हे पत्र.

इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनिया राज्यात, नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणानंतरच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम सुरू होतो. माणसं अंधारातच रानात जाऊन बसतात. अंगात भडक नारिंगी जाकीट, कारण दुसऱ्या शिकाऱ्याला आपण दिसलो पाहिजे. कायदाच आहे तसा. परवाना लागतो, नर मारायचा की मादी तेही ठरलेलं असतं, आणि हरीण पडलं की त्याच्या कानाला चिठ्ठी बांधायची.

आमच्या शेजारचे आजोबा सत्तरी ओलांडलेले आहेत. पहिलं हरीण ते घरी आणतात. दुसरं मिळालं तर घराकडे वळतच नाहीत, गाडी थेट खाटकाकडे. १९९१ पासून इथे ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ नावाची योजना चालते. तिच्यात नाव नोंदवलेल्या खाटकाकडे हरीण द्यायचं. कापणावळ योजना भरते, आजोबांच्या खिशाला काही पडत नाही. खाटीक त्याचा खिमा करून पाकिटं भरतो, ती फूड बँकेत, म्हणजे गरजूंसाठी अन्न गोळा करणाऱ्या संस्थेत जातात आणि तिथून आमच्यासारख्या शिधावाटपाच्या ठिकाणी येतात. एका हरणात साधारण २०० जणांचं एकेक जेवण होतं.

पाकिटावर छापलेलं असतं, ‘विक्रीसाठी नाही’. मला आधी वाटलं, फुकट वाटायचं म्हणून लिहीत असतील. आजोबांनी सांगितलं, तसं नाही. रानातल्या हरणाचं मांस इथे कुणालाच विकता येत नाही. एकोणिसाव्या शतकात बाजारासाठी इतकी शिकार झाली, जंगलंही इतकी तुटली, की या राज्यातली हरणं जवळजवळ संपली. १९०६ मध्ये मिशिगनहून हरणं आणून इथल्या रानात सोडावी लागली. तेव्हा आता मारलेलं हरीण एकतर स्वतः खायचं, नाहीतर देऊन टाकायचं. त्यातून पैसा करायचा नाही. हे ऐकल्यापासून ते पाकीट हातात घेताना मला वेगळं वाटतं.

बाबा, तुम्ही विचाराल, मग मारायचीच कशाला? लांडगे आणि डोंगरी सिंह इथून शंभराहून जास्त वर्षांपूर्वी नाहीसे झाले. हरणांना धाक उरला नाही. रानात ओकची रोपं वर येऊ देत नाहीत, मक्यात आणि सोयाबीनमध्ये शिरतात. इथला एक शेतकरी मला कोपऱ्यापासचा खाल्लेला मका दाखवत होता, तेव्हा मला आपला धुऱ्याकडचा हरभरा दिसला, रोह्यांच्या कळपाने शेंडे खुडलेला. तुमची रात्रीची जागल त्या माणसाला समजावून सांगावी लागली नाही. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं असं मी मानते. आपल्या रानात वाघ आहे. इथलं उचलून तिकडे नेता येणार नाही.

गेल्या शनिवारी एक बाई दोन मुलांना घेऊन आली. थोरला आठेक वर्षांचा. शेंगदाण्याचं लोणी, डबाबंद घेवडा, मॅकरोनी, सगळं पिशवीत भरून झालं, तरी ती थांबून राहिली. मग हळूच म्हणाली, “हरणाचं आहे का?” मी फ्रीझर उघडून दोन पाकिटं दिली. पोराने एक छातीशी धरलं, हात गारठले तरी सोडेना. आमच्याकडे येणाऱ्या धान्यात डबेच जास्त असतात गं. ताजं मांस, दूध, अंडी महाग, ती फारशी येत नाहीत. या मांसात चरबी कमी असते, म्हणून तेल-कांदा जरा सढळ घाला, एवढं मी तिला सांगितलं. तुझीच शिकवण, भाजी कोरडी लागू नये म्हणून तू सांगायचीस ती.

दिलेलं अन्न निर्धोक असावं याची मला फार काळजी वाटते. २००८ मध्ये नॉर्थ डकोटा राज्यात दान आलेल्या मांसात शिशाचे बारीक कण सापडले होते, आणि ते फेकून द्या असं सांगावं लागलं. शिशाची गोळी हाडावर फुटते, कण लांबवर पसरतात, लहान मुलांना ते फार वाईट. आजोबा आता तांब्याची गोळी वापरतात. महाग पडते. “ज्या पोराच्या ताटात जाणार ते मी बघणारसुद्धा नाही, मग काळजी आधीच घ्यायला हवी,” म्हणाले.

आई, मी खात नाही, खाणारही नाही. पण हात लावते. घरी आल्यावर आंघोळ करून मगच देवापुढे दिवा लावते, तू सांगितल्यासारखं. पंढरीच्या वाटेवर दिंडीतल्या अनोळखी लोकांना भाकरी वाढताना तू कुणाला गाव विचारल्याचं मला आठवत नाही. या पाकिटांच्या वेळी मला तीच तू आठवतेस. तुला तरीही पटलं नाही तर तसं सांग, मी ऐकेन. फक्त गप्प राहू नकोस.

बाबा, थंडी वाढली असेल. जागलीला एकटे जाऊ नका, काकांना सोबत घ्या, आणि मी पाठवलेली कानटोपी पेटीत ठेवू नका. हरभरा घाट्यावर आला की फोटो पाठवा.

तुमची,
माई