पाच शब्द नकोत, एकच द्या, पण वाक्यासकट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात आतल्या पानावर रोज इंग्रजी शब्दांची चौकट असते. पाच अवघड शब्द आणि समोर प्रत्येकाचा एकेक मराठी अर्थ. आमच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत ही चौकट कात्रीने कापून घेतली जाते. संध्याकाळी अंक माझ्या हाती येतो तेव्हा त्या जागी भोक असते. मी त्यावरून कधी कुणाला रागावले नाही. चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला, मुले शब्द कापून वहीत चिकटवतात याचे कौतुकच वाटणार. त्याच मुलांसाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या महिन्यात अभ्यासिकेतला एक मुलगा त्याने केलेल्या नोकरीच्या अर्जाची प्रत घेऊन आला. अर्ज आधीच गेला होता. पुढच्या वेळी आणखी चांगला कसा लिहू, एवढेच त्याला विचारायचे होते. कबड्डीत तो जिल्ह्यापर्यंत खेळलेला आहे. त्याने इंग्रजीत लिहिले होते की माझी कबड्डीतली कामगिरी ‘इग्रीजस’ आहे. मी विचारले, हा शब्द कुठून घेतलास? त्याने एसटी स्टँडजवळ विकत घेतलेली शब्दांची पुस्तिका काढली आणि बोट ठेवून दाखवले. समोर छापले होते, ‘असाधारण’. त्याची काहीच चूक नव्हती. त्या शब्दाचा कित्येक शतकांपूर्वीचा अर्थ चांगलाच होता, चारचौघांत उठून दिसणारा. आज मात्र तो फक्त डोळ्यांत खुपणाऱ्या चुकीला, ढळढळीत अन्यायाला लावतात. म्हणजे आपली कामगिरी लाजिरवाणी आहे, असे त्याने स्वतःच्या हाताने लिहून दिले होते. हे सांगितल्यावर तो बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. मलाही पुढे बोलवेना.

मग मी त्याला त्याच्या घरातलेच विचारायला लागले. त्याचे वडील मेंढपाळ आहेत, पोटापाण्यासाठी मेंढरे घेऊन बाहेर पडतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. लॅटिन भाषेत ‘ग्रेक्स’ म्हणजे कळप. मी विचारले, ‘दोन कळप एकमेकांत मिसळले तर काय करता?’ तो म्हणाला, ‘आपापली निवडून काढायची, बाई.’ ते ‘सेग्रिगेट’. ओला आणि सुका कचरा वेगळा करायला सांगतात तोच हा शब्द. रात्री शेतात मेंढरे बसवायची म्हणून सगळी एका जागी गोळा करतात, ते ‘काँग्रिगेट’. निरनिराळ्या विषयांचे गुण एकत्र करून निकालात येतो तो ‘ॲग्रिगेट’. कळपावाचून ज्याला करमत नाही, माणसांत रमतो, तो ‘ग्रिगेअरिअस’. आणि कळपाबाहेर उठून दिसणारा तो ‘इग्रीजस’, पूर्वी चांगुलपणाने आणि आता वाईटपणाने. अर्ध्या तासात पाच शब्द झाले, एकाही शब्दाला पाठांतर लागले नाही. तो आपणहून म्हणाला, ‘म्हणजे सगळ्यांच्या पोटात मेंढरंच आहेत की!’

असे प्रत्येक शब्दाचे होणार नाही, हे मला कळते. पण एक शब्द आणि एक अर्थ अशी जोडी लावली की ती चुकीचीच बसण्याचा धोका असतो, हे मी आयुष्यभर पाहिले. ‘नटोरिअस’ म्हणजे कुप्रसिद्ध, पण नुसते ‘प्रसिद्ध’ असे पाठ केलेली मुले थोर पुरुषांना ते विशेषण लावतात. ‘एनर्व्हेट’ शब्द एनर्जीच्या जवळचा वाटतो, म्हणून त्याचा अर्थ उत्साह देणे असेल अशी समजूत होते. तो शब्द नेमका उलटा, अंगातले त्राण काढून घेणे असा आहे. ‘उन्हाने मला एनर्व्हेट केले’ एवढे एक वाक्य शेजारी असते तर मूल फसले नसते.

दुसरी गोष्ट आपल्या मराठीची. ‘फ्रूगल’ आणि ‘पार्सिमोनिअस’ या दोन्ही शब्दांपुढे याद्यांमध्ये ‘काटकसरी, कंजूष’ असे एकत्र छापलेले असते. त्याच मुलाला मी विचारले, ‘तुझी आई काटकसरी की चिक्कू?’ तो एकदम दुखावला. ‘आई चिक्कू नाही, बाई. दारात आलेल्याला जेवल्याशिवाय जाऊ देत नाही.’ मग ती ‘फ्रूगल’, आणि ज्याच्या मुठीतून पैसा सुटत नाही तो ‘पार्सिमोनिअस’. सडपातळ, शेलाटी, किडकिडीत, हडकुळा हे चार शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो का? ‘स्लेंडर’ आणि ‘स्किनी’ यांतला फरक आपल्या घरातच आहे. चौकटीत मात्र दोन्हींपुढे ‘बारीक’ येते.

आमच्या वाचनालयात मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचे पुनर्मुद्रण आहे. मूळ कोश १८३१ सालचा, वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. कुठलेही पान उघडले की दिसते, परभाषेतून आलेल्या त्या माणसाने आणि त्याच्याबरोबर काम केलेल्या आपल्या पंडितांनी शब्दाचा नुसता अर्थ देऊन भागवलेले नाही. शब्द कशाबरोबर येतो, कोणत्या बोलण्यात शोभतो, त्यावरची म्हण कोणती, हे ठिकठिकाणी दिले आहे. आपण इंग्रजी शिकताना नेमके हेच का सोडून देतो?

परीक्षेचे कारण सांगितले जाईल, आणि ते मी हलके मानत नाही. केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठी होणाऱ्या स्टाफ सिलेक्शनच्या पदवीधर परीक्षेत पहिल्या टप्प्याला इंग्रजीचे २५ प्रश्न, ५० गुणांचे असतात आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला अर्धा गुण वजा होतो. समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द तिथे विचारतात, म्हणून याद्या खपतात. पण त्याच पेपरात उताऱ्यातल्या गाळलेल्या जागाही भरायच्या असतात, आणि तिथे जोडी पाठ असून उपयोग नसतो. शब्द त्या वाक्यात बसतो की नाही हे कानाला कळावे लागते. परदेशी शिक्षणासाठी मुले जीआरई देतात, त्या परीक्षेतून तर सुटे विरुद्धार्थी शब्द २०११ सालीच काढून टाकले. आता तिथे वाक्यातली जागा भरावी लागते.

म्हणून विनंती अशी. पाच शब्दांऐवजी एकच शब्द द्या. त्याचा उच्चार देवनागरीत द्या, कारण ग्रामीण भागातली आमची मुले शब्द आधी डोळ्यांनी शिकतात आणि मुलाखतीत तोंडाशी आलेला शब्द उच्चाराच्या भीतीने गिळतात. शब्द कौतुकाचा आहे की निंदेचा, हे स्पष्ट लिहा. एक वाक्य द्या, आणि ते लंडनच्या धुक्यातले नको. बाजार समिती, एसटी, टँकर, कबड्डीचे मैदान यांतले द्या. शब्दाला भावंडे असतील तर तीही सांगा. कधी आपलाच शब्द तिकडे गेलेला असेल, तर तेही छापा. इंग्रजीतला ‘माँगूज’ आपल्या मुंगसावरून गेला, हे सांगितले तेव्हा आमच्या अभ्यासिकेत मागच्या बाकावरच्या मुलीनेही मान वर केली होती.

त्या मुलाच्या अर्जाला अजून उत्तर आलेले नाही. दुसरा अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिला, त्यात अवघड शब्द एकही नाही. मात्र रोज एका शब्दाचे एक वाक्य तो वहीत लिहून आणतो. परवाचे वाक्य होते, ‘मेंढरं ग्रिगेअरिअस असतात, पण आमची म्हातारी शेळी तशी नाही, ती एकटीच चरते.’ आपल्या चौकटीत जागा असेल तर हे वाक्य तो इंग्रजीत लिहून पाठवायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
दहिवडी, ता. माण, जि. सातारा